पाहुणी प्रणाली

मंदार निकम यांचा मेंदू ठीक होता. बंद पडली होती ती त्यांच्या उजव्या कानामागे, कवटीत बसवलेली बोराएवढी वस्तू.

२०६४ साली अशा वस्तूचं कुणाला नवल वाटत नसे. कराडसारख्या गावातही शंभरेक माणसं ती घेऊन हिंडत होती. तिचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोक तिला नुसतं 'सेतू' म्हणत. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना करंगळीएवढा एक वाकडा भाग असतो. आज काय घडलं, कोण भेटलं, काय ठरलं, हे पक्कं करून ठेवणं हे त्याचं काम. जुन्या आठवणी तिथे राहत नाहीत, त्या मेंदूभर पसरलेल्या असतात. त्यामुळे हा भाग निकामी झाला, तरी माणसाला शाळा आठवते, लग्न आठवतं, पोहायला कुठे शिकलो ते आठवतं. आठवत नाही ते दहा मिनिटांपूर्वीचं. सेतू हे काम मेंदूच्या वतीने करायचा. नवी आठवण तयार करायची, स्वतःच्या साठ्यात ठेवायची आणि मागितली की परत द्यायची.

भूमापन खात्यात नोकरी करणाऱ्या मंदाररावांना त्रेपन्नाव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि तो वाकडा भाग कायमचा गेला. त्यानंतरची पंधरा वर्षं त्यांच्या मेंदूत नव्हती. ती सगळी त्या बोरात होती.

त्या पंधरा वर्षांत ऋतुजा होती.

ज्वराच्या दोन वर्षं आधी मंदाररावांची पहिली पत्नी वारली होती. सेतू बसवल्यावर तिसऱ्या वर्षी ते उंब्रजच्या एका शाळेच्या जागेची मोजणी करायला गेले. तिथल्या मुख्याध्यापिकेने हद्दीच्या दगडावरून त्यांच्याशी भर उन्हात तासभर वाद घातला, आणि वाद तिनेच जिंकला. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. ती ऋतुजा. म्हणजे मंदाररावांच्या आयुष्यातलं तिचं पहिलं वाक्यसुद्धा सेतूमध्येच नोंदलेलं होतं.

सेतू बनवणारी कंपनी गुंडाळली गेली, तेव्हा जाता जाता तिने सगळ्या सेतूंना एक शेवटचं अपडेट पाठवलं. बहुतेकांना काही झालं नाही. दोनशेत एकाचा सेतू मात्र पुन्हा सुरूच झाला नाही. मंदारराव त्यांतले एक.

कराडच्या सेतू-दुरुस्ती केंद्रात ऋतुजा त्यांना घेऊन आली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मंदारराव बाकावर ताठ बसले होते. दर थोड्या वेळाने ते शेजारी वळून अदबीने विचारत, "माफ करा, आपण कोण?" ऋतुजा सांगे, "मी तुमची बायको." ते ओशाळून हसत. मग खिडकीबाहेर बघत. मग पुन्हा वळत. सातव्यांदा विचारल्यावर ऋतुजा म्हणाली, "मी इथलीच आहे," आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

केंद्राची प्रमुख तहसीन मुजावर हे सगळं काचेतून बघत होती. वय शेहेचाळीस, मूळची मिरजेची. आधी संगणक शिकली, मग मेंदूशास्त्र. तिच्या बोलण्यात एक ठामपणा होता, त्याने घाबरलेली माणसं शांत होत. ती बाहेर आली आणि ऋतुजाला म्हणाली, "साहेब आज जेवायच्या आत तुम्हाला ओळखतील. या आत."

तहसीनच्या टेबलावर एक पेनड्राइव्ह होता.

"हा?" ऋतुजा म्हणाली. "माझ्या लहानपणी बाबांच्या किल्ल्यांना लावलेला असायचा."

"तोच. आता कुणी वापरत नाही, मी जपून ठेवते." तहसीनने तो संगणकात खोचला. "ऋतुजाताई, सेतू म्हणजे एक संगणकच. वीज मिळाली की तो सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो: आपण काय करायचं, हे कुठे लिहिलंय. ते लिहिलेलं असतं त्याच्या आतल्या साठ्यात. त्या लिखाणाला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणायचं, प्रणाली. अपडेटमध्ये तिचं पहिलंच पान खराब झालं. यंत्र धड आहे, साठा धड आहे, आठवणी धड आहेत. फक्त उठून उभं कसं राहायचं, हे त्याला आठवत नाही."

"म्हणजे यांच्यासारखंच."

"अगदी तसंच. मग आपण काय करायचं? पहिलं पान बाहेरून द्यायचं. सेतूला सांगायचं, आधी आत बघू नकोस, या पेनड्राइव्हवर बघ. याच्यावर मी लिनक्स टाकतेय. लिनक्स कुणा एका कंपनीची नाही. सत्तर वर्षांहून जास्त काळ जगभरची माणसं ती लिहिताहेत, आणि तिची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, बदलता येते. कंपनी बंद पडली म्हणून ती बंद पडत नाही. सेतूवर चालेल अशी तिची आवृत्ती आम्ही पाच गावच्या लोकांनी मिळून केलीय."

"मग नुसती कॉपी करायची ना?"

"नुसती कॉपी केली तर ते कपाटात ठेवलेलं पुस्तक झालं. तिथे असेल, पण यंत्र ते उघडणार नाही. पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला 'इथून सुरू कर' असं लिहावं लागतं, आणि पुढचं सगळं ठरल्या जागी, एकही अक्षर न हलवता मांडावं लागतं." पडद्यावर एक इशारा आला: निवडलेल्या साठ्यावरचं सर्व काही पुसलं जाईल. तहसीनने त्या साठ्याचं नाव बोट ठेवून दोनदा वाचलं. "इथे घाई करायची नाही. चुकून दुसरं नाव निवडलं, तर माझाच संगणक कोरा होईल."

सहा मिनिटांत लिहून झालं. मग तिने मूळ फाइलचा ठसा आणि पेनड्राइव्हवरच्या मजकुराचा ठसा शेजारी शेजारी मांडला. चौसष्ट चौसष्ट अक्षरांच्या दोन ओळी. मजकुरात एक टिंब जरी बदललं, तरी हा ठसा पूर्ण बदलतो, असं तिने सांगितलं. ऋतुजाने शाळेतल्या सवयीने दोन्ही ओळी अक्षर अक्षर ताडून पाहिल्या.

"जुळतंय," ती म्हणाली.

पेनड्राइव्ह एका काडेपेटीएवढ्या डबीत गेला, डबी मंदाररावांच्या खिशात, आणि डबीच्या वायरचं टोक लोहचुंबकाने कानामागे चिकटलं. एक मिनिट आणि चाळीस सेकंद काहीच झालं नाही. मग मंदाररावांनी डोळे मिचकावले, आजूबाजूला बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ऋतू, आपण इथे काय करतोय? तुझा तो पालकांचा मेळावा आहे ना आज?"

ऋतुजाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती नुसती मान हलवत राहिली. मेळावा तीन आठवड्यांपूर्वी, सेतू बंद पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, होऊन गेला होता.

तहसीनने त्यांना पुढचं त्याच दिवशी सांगितलं, काहीही न लपवता. पेनड्राइव्हवरून अशी चालणारी प्रणाली त्यांच्या केंद्रात 'पाहुणी' म्हणून ओळखली जाई. पाहुणी घरात येते, घरातलं सगळं वापरते, पण कशालाही कायमचा हात लावत नाही. सेतूच्या साठ्यातल्या पंधरा वर्षांच्या आठवणी ती वाचू शकत होती. नव्या आठवणी मात्र ती तात्पुरत्या जागेत ठेवत होती, जी वीज असेपर्यंतच टिकते. सेतूची बॅटरी एक दिवस चाले. ती भरताना सेतू तापतो, म्हणून तेवढा वेळ तो बंद ठेवावाच लागे. बंद झाला की दिवस गेला. सकाळी पाहुणी पुन्हा येणार, आणि मंदाररावांसाठी ती सकाळ म्हणजे पुन्हा अपडेटच्या दुसऱ्या दिवशीचा बुधवार.

"म्हणजे रोज बुधवार," ऋतुजा म्हणाली.

"रोज. दुसरा मार्ग आहे, पाहुणीला कायमची वस्ती द्यायची. प्रणाली सेतूच्या आतच मांडायची. मग पेनड्राइव्ह नको, डबी नको, नव्या आठवणी पक्क्या राहतील, पुढची वीस वर्षं निर्धास्त. पण त्यासाठी आतला साठा आधी पुसावा लागेल."

"आधी दुसरीकडे काढून ठेवता येणार नाही?"

"कंपनीने साठ्याला कुलूप घातलंय. ते फक्त सेतूच्या स्वतःच्या चिपसमोर, एका वेळी एकेका आठवणीपुरतं उघडतं. बाहेर एक अक्षरही येत नाही, आणि किल्लीशिवाय आत नवंही लिहिता येत नाही. किल्ली कंपनीबरोबर गेली. आणि नवा सेतू बसवण्याची शस्त्रक्रिया या वयात करू नका, असं तुमच्या डॉक्टरांनी लिहिलंय."

ऋतुजाने काचेतून बाहेरच्या बाकाकडे बघितलं. मग तिने विचारलं, "पुसलं, तर मी कोण असेन?"

"सकाळी बाकावर होतात ती," तहसीन म्हणाली.

मंदाररावांचा मुलगा ओजस पुण्याहून रविवारी आला. तो अडतीस वर्षांचा, पहिल्या पत्नीचा. ऋतुजाला मावशी म्हणायचा आणि तिला मानायचाही. नव्या आठवणी पेनड्राइव्हवरच का साठवत नाही, हा त्याचा पहिला प्रश्न होता. तहसीनने सांगितलं की मेंदू सेकंदाला हजारो वेळा लिहितो. वायरीतून तेवढा वेग मिळत नाही, आणि मिळाला तरी तो पेनड्राइव्ह चार दिवसांत झिजेल. वहीही ठेवून बघितली. मंदारराव संध्याकाळी तिच्यात लिहीत आणि सकाळी वाचत. आपलंच अक्षर, पण मजकूर परक्याचा वाटे. बाराव्या दिवशी ते वही मिटून म्हणाले, "हा माणूस फार रडगाणं गातो."

घरी रोज सकाळी पेनड्राइव्ह लावायचं काम ऋतुजाचं होतं. त्यानंतर काय झालंय ते त्यांना समजावून सांगायचं कामही तिचंच. पहिल्या दिवशी त्याला पन्नास मिनिटं लागली आणि मंदाररावांनी चिडून डबी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी चाळीस. 'बिघडलं' म्हटलं की ते रागावतात, 'बंद पडलं' म्हटलं की ऐकून घेतात, हे तिला पाचव्या दिवशी कळलं. समोर बसलं की त्यांना चौकशी चाललीय असं वाटतं, डावीकडे बसलं की नाही, हे आठव्या दिवशी. विसाव्या दिवशी सगळं समजावून, त्यांना पटवून, वर एकदा हसवूनही चार मिनिटांत संपलं. शाळेत ती एकच धडा तीन तुकड्यांना शिकवायची, तेव्हा तिसऱ्या तुकडीत तो असाच बिनचूक होई.

निर्णय मंदाररावांचा होता. कायद्याच्या कागदावर सही त्यांची लागणार होती आणि खाली जवळच्या नातेवाइकाची. ऋतुजाने त्यांना तेविसाव्या दिवशी नीट विचारलं. ते दोन तास अंगणात फेऱ्या मारत राहिले, मग येऊन म्हणाले, "नको. उद्या घेऊन काय करू, जर कालचं सगळं द्यावं लागत असेल? आहे हे बरंय." आणि त्यांनी कागदावर 'नको' लिहून सही केली.

पुढच्या रविवारी ऋतुजा भाजी आणायला गेली असताना ओजसने विचारलं. परत आली तेव्हा बापलेकांचे डोळे लाल होते. कागदावर लिहिलं होतं: कायम करा.

"मावशी, मी काही लादलं नाही," ओजस म्हणाला. "मी फक्त सांगितलं, की माझी मुलगी तीन वर्षांची आहे. ती मोठी होईल आणि बाबांसाठी रोज तीनच वर्षांची राहील. त्यांनीच पेन मागितलं."

"मी कुठे म्हणतेय तू लादलंस," ऋतुजा म्हणाली.

दोन्ही कागद तहसीनच्या टेबलावर आले. एकाच माणसाच्या, एकाच हातच्या, शुद्धीतल्या दोन सह्या. तहसीनने ते शेजारी शेजारी ठेवले आणि ती जरा उत्साहानेच म्हणाली, "हे मोजता येईल. बघा, आपल्या सगळ्यांना असा प्रश्न एकदाच विचारला जातो. दुसऱ्यांदा विचारेपर्यंत आपण बदललेले असतो. साहेबांचं तसं नाही. ते रोज सकाळी तंतोतंत तेच असतात. तोच बुधवार, तीच माहिती, तोच मूड. म्हणजे त्यांच्या मनात खरं काय आहे, हे आपण पुन्हापुन्हा विचारून बघू शकतो. जगात दुसऱ्या कुणाबद्दल हे शक्य नाही. मला आठ दिवस द्या. तुम्ही दोघं खोलीत नसाल. मी विचारीन, शब्द ठरलेले, वेळ ठरलेली. आठांतली बहुसंख्य उत्तरं, तो त्यांचा निर्णय."

ओजसला पटलं. ऋतुजालाही पटलं, ती स्वतः परीक्षा घेत आली होती.

तहसीनने दोन परिच्छेद लिहून काढले. एकात कायम केलं तर काय जाईल ते, दुसऱ्यात नाही केलं तर काय जाईल ते. दोन्ही सारख्याच लांबीचे, कोरडे, कुठल्याही बाजूला न झुकणारे. पहिल्या दिवशी तिने ते या क्रमाने वाचले. मंदाररावांनी शांतपणे ऐकलं, दोनतीन चांगले प्रश्न विचारले, विचार करायला अर्धा तास मागितला आणि म्हणाले, "कायम करा." कारणही दिलं: जमीन मोजताना मागचा दगड हरवला तरी पुढचा रोवता येतो, पुढे जायचंच नाही म्हटलं तर मोजणीच होत नाही. तहसीनला ते उत्तर फार आवडलं. कुणाच्या दबावाखालचं ते वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, पद्धत चोख राहावी म्हणून, तिने परिच्छेदांचा क्रम उलटा केला. मंदाररावांनी शांतपणे ऐकलं, प्रश्न विचारले, अर्धा तास मागितला आणि म्हणाले, "नको." कारणही दिलं: मागचा दगड हरवला तर पुढची सगळी मोजणी खोटी.

तिसऱ्या दिवशी पहिला क्रम. "कायम करा." चौथ्या दिवशी उलटा. "नको."

आठव्या दिवशी तहसीनपाशी चार उत्तरं इकडची होती आणि चार तिकडची. जे नुकसान शेवटी सांगितलं, ते त्यांना सोसवलं नव्हतं, इतकंच त्या आठ दिवसांतून निघत होतं. दर वेळी त्यांनी खरा विचार केला होता. दर वेळी त्यांची खात्री होती.

तिने ऋतुजाला बोलावून आकडे दाखवले. तिचा आवाज नेहमीसारखाच ठाम होता, पण मध्येच ती थांबली. "मला वाटलं होतं, उकरत गेलं की खाली एक उत्तर सापडेल. खाली काही नाहीये, ऋतुजाताई. विचारण्याच्या आधी उत्तर नसतंच. ते विचारताना तयार होतं." मग हसायचा प्रयत्न करून म्हणाली, "काल मी आमच्या घरी आठवून बघत होते, मी या कामात का आले. कॉलेजातल्या सरांनी विचारलं होतं, मुंबईला जातेस की इथे राहतेस. कुठलं आधी म्हणाले होते, ते आठवेना."

ऋतुजा आकड्यांकडे बघतच नव्हती.

"मॅडम, मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "उंब्रजच्या दगडावरून आमचा वाद झाला होता, तो किस्सा हे फार छान सांगतात. शेवटी म्हणतात, 'बाई बोलत होती आणि मला वाटत होतं, ही आयुष्यभर अशीच भांडत राहिली तर काय मजा येईल.' मागच्या आठवड्यात मी त्यांना सहज तो विषय काढून दिला. त्यांनी सांगितला. मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. त्याच जागी थांबले, त्याच जागी हसले. तिसऱ्या दिवशी मी तो चहाच्या आधी काढला, कारण चहानंतर ते थोडं आटोपतं घेतात." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिसऱ्या दिवशी मला माझीच शरम वाटली. ते माणूस आहेत. मी त्यांचा नळ केला. सोडला की पाणी."

"तुम्ही त्यांना फसवलं नाहीत."

"नाही. पण मी रोज एक दिवसाने हुशार होतेय आणि ते जिथल्या तिथे आहेत. असं वर्षभर चाललं तर आमच्या घरात नवरा राहणार नाही, मी एकटीच राहीन." ती उठली. "कागद द्या. खालची सही माझी आहे, कायम करायचंय."

"त्यांना विचारायचं नाही?"

"आज सकाळी विचारलं. सगळं उलटंसुलटं सांगितलं, मी मध्येच रडले, दोनदा चुकले. ते म्हणाले, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मला तुम्ही उद्याही हवे आहात. तर म्हणाले, मग कर की." थोडं थांबून ती म्हणाली, "ते असं म्हणतील हे मला आधी ठाऊक नव्हतं." आणि आणखी थोडं थांबून, "मला नाही वाटत ठाऊक होतं."

वस्तीचं काम दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला झालं. तोच पेनड्राइव्ह, फक्त या वेळी पडद्यावरच्या यादीतला दुसरा पर्याय: कायमची वस्ती. पुसण्याचा इशारा आला, तेव्हा तहसीनने ऋतुजाकडे बघितलं. ऋतुजाने मान हलवली. पंधरा वर्षं पुसायला अकरा सेकंद लागली. नवी प्रणाली आत मांडायला सोळा मिनिटं.

मंदारराव जागे झाले ते मनाने त्रेपन्न वर्षांचे, दोनच वर्षांपूर्वी बायको गेलेले. आपले सुरकुतलेले हात त्यांनी उलटसुलट करून बघितले. टक्कल पडायला लागलेला माणूस आपला ओजस आहे, हे त्यांना त्याच्या हनुवटीवरच्या खुणेवरून पटलं. मग ओजसने ठरल्याप्रमाणे खरं ते सांगितलं: या ऋतुजा, तुमचं लग्न झालंय, अकरा वर्षं झाली.

मंदारराव उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास झाला असणार," ते म्हणाले.

'तुम्हाला' हा शब्द ऐकून ओजसने तोंड फिरवलं. ऋतुजाने नमस्कार केला. "त्रास कसला," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ." आणि गाडीत बसताना, न ठरवता, ती त्यांच्या डावीकडे बसली.

पाच महिन्यांनी तहसीन नेहमीच्या तपासणीसाठी त्यांच्या घरी गेली. सकाळची वेळ होती. मंदारराव बाहेरच्या खोलीत मोठा कागद पसरून परसातल्या झाडांचा नकाशा काढत होते. सेतूच्या नोंदी उत्तम होत्या. एकही आठवण गळालेली नव्हती. तहसीनने त्यांना मागच्या आठवड्याचं विचारलं, मागच्या महिन्याचं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, नातीचे चार नवे शब्दही.

"आणि घरात कसं चाललंय?"

मंदाररावांनी पेन्सिल ठेवली आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला भीती वाटत होती. परक्या बाईबरोबर एका घरात राहायचं, तेही या वयात. पण एकोणिसाव्या दिवशी मी तिला तू म्हणायला लागलो, माझं मलाच कळलं नाही. तिला माझ्या मनातलं कळतं हो. मी काही म्हणायच्या आत तिने ते केलेलं असतं. मी रागावणार असेन तर त्याच्या आधीच विषय बदललेला असतो. पहिल्या बायकोशी एवढं जमायला मला दहा वर्षं लागली होती. काही माणसं अशीच असतात, नाही? पहिल्या दिवसापासून आपली."

"असतात," तहसीन म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. ऋतुजाने तिला बसायला पाट दिला आणि खिचडी ढवळत म्हणाली, "ऐकलं मी. एकोणीस दिवस. मी त्या आधीच हे मनातलं ओळखणं थांबवायला हवं होतं. ठरवलं होतं, की नवखी असल्यासारखं वागायचं, अडखळायचं, चुकायचं. पण चाळीस दिवस घोकलेलं आतून कसं काढून टाकणार? तुमच्याकडे माझ्यासाठी पेनड्राइव्ह आहे का?"

तहसीन पाटावर बसली.

"ते सुखी आहेत," ऋतुजा म्हणाली. "मीही आहे. फक्त एक करते. रोज एखादी तरी गोष्ट त्यांना नको असलेली करते. आज साबुदाण्याची खिचडी. त्यांना मुळीच आवडत नाही. नको म्हणतील, जरा कुरकुरतील. तेवढं तरी त्यांचं स्वतःचं."

"पण ते कशाला नको म्हणणार," तहसीनने सावकाश विचारलं, "हेही तुम्हालाच ठाऊक असतं ना?"

ऋतुजाने गॅस बंद केला. तेवढ्यात बाहेरून मंदाररावांचा आवाज आला. "ऋतू, खिचडी असेल तर मला नको हं. कालची पोळी असली तर चालेल, तव्यावर गरम करून. आणि गूळ."

ऋतुजाने ओट्यावरचं झाकण उचललं. ताटलीत कालच्याच दोन पोळ्या होत्या, नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या. शेजारी गुळाचा खडा होता.

ताटली घेऊन ती बाहेर गेली.